आत्याबाईंची बेंबी

माझ्या सासूबाई बेंबी बसवत. आम्ही मावळातले, म्हणून मी त्यांना आत्याबाई म्हणायची. चिंचवड स्टेशनच्या मागे आमची चाळ होती. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी आमच्या दारात एखादा तरी माणूस पोट धरून उभा असायचा. कंपनीत जड माल उचलला, सायकल खड्ड्यात आदळली, हंडा उचलताना चमक भरली, की पोट दुखायला लागतं, जुलाब होतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. डॉक्टरच्या गोळ्या घेऊन भागत नाही. मग कुणीतरी सांगतं, तुझी बेंबी सरकली असेल, स्टेशनमागच्या म्हातारीकडे जा.

बेंबी सरकली की नाही हे बघायची रीत अशी. माणसाला उताणं झोपवायचं, पाची बोटं जुळवून बेंबीत रुतवायची. खाली नाडी उडते. ती बरोबर बोटांखाली उडली तर बेंबी जागेवर आहे. वर, खाली किंवा बाजूला उडली तर सरकली. मग पोट चोळायचं, पायाचे अंगठे ओढायचे. त्यानेही नाही भागलं तर पोटावर कणकेची चकती ठेवून तिच्यावर वात पेटवायची आणि वरून पितळी तांब्या पालथा घालायचा. वात विझते, तांब्या पोटाला घट्ट चिकटतो आणि बेंबीला ओढून जागेवर आणतो. पुरुषांचं माप बेंबीपासून छातीपर्यंत सुतानं घेत, बायकांचं पायाचे दोन्ही अंगठे जुळवून. हे सगळं अनशापोटी करायचं. पाण्याचा घोटसुद्धा चालत नसे.

या बाबतीत आत्याबाई फार कडक होत्या. एकदा देहूरोडहून एक माणूस भल्या पहाटे सायकल मारत आला. थंडीचे दिवस होते. तो स्टेशनवर चहाचा घोट घेऊन आला होता आणि तसं त्यानं भोळेपणानं सांगितलं. आत्याबाईंनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं. तो गयावया करायला लागला, मावशी, नुसता एक घोट होता. आत्याबाई म्हणाल्या, "घोट पोटात गेला का पाठीत?" तो बिचारा परत गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सायकल मारत आला. त्याची बेंबी बसली. तेव्हापासून तो दर दिवाळीला लाडू घेऊन यायचा, आणि दारात आल्याआल्या सांगायचा की आज जेवून आलोय.

मी चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा माझा आवाज घरात कुणाला ऐकू येत नसे. आत्याबाई म्हणायच्या, सूनबाई, तुझं बोलणं ऐकायचं तर तुझ्या तोंडात कान घालावा लागतो. त्यांनी मला बेंबी बसवायला शिकवायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण परक्या माणसाच्या पोटाला हात लावायचा म्हणजे मला घाम फुटायचा, पुरुष असो की बाई. बोटं टेकवायची आणि उचलायची. आत्याबाई वैतागायच्या. "ह्यो हात हाय का वारा?" असं पेशंटसमोरच विचारायच्या.

माझ्या स्वयंपाकावरही त्यांचा भरवसा नव्हता. सकाळी ह्यांच्या डब्याची भाजी झाली की मी पळीत थोडी घेऊन त्यांच्यापुढे धरायची. त्या हातावर घेऊन चाटायच्या आणि मीठ कमी आहे म्हणायच्या. कधीकधी जास्त आहे म्हणायच्या. बरोबर आहे असं त्यांनी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. मीठ मात्र मी त्यांच्या सांगण्यावरून कधी बदललं नाही. आणि हे डबा पुसून खायचे.

आता ह्यांच्याबद्दल. आमचे हे आधी एका कंपनीत स्टोअरला होते. नंतर पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात रेकॉर्डला लागले. पेशंट घरी गेला किंवा देवाघरी गेला की त्याचे कागद ह्यांच्या टेबलावर येत. डॉक्टरनं कागदावर रोगाचं नाव लिहिलेलं असे. ते वाचून, एका जाड पुस्तकातून त्या रोगाचा नंबर शोधून कोपऱ्यात लिहायचा, हे ह्यांचं काम. हे सांगत की जगात कुठंही जा, त्या रोगाला तोच नंबर. मला ते खरं वाटायचं नाही. चिंचवडची सर्दी आणि विलायतेची सर्दी एक कशी असेल? पण हे म्हणत, एकच, चारशे साठ.

ऐंशी सालच्या आसपास त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली आणि नंबर बदलले. ह्यांना ते सगळं नव्यानं पाठ करावं लागलं. शनिवारी पुस्तक पिशवीत घालून घरी आणायचे आणि रविवारभर घरातल्या माणसांवर सराव करायचे. आमच्या धाकट्या मुलाला गोवर आला तर त्याला आधी पंचावन्न नंबर मिळाला, मग कडुलिंबाचा पाला. समोरच्या खोलीतल्या वहिनी सहज म्हणाल्या की भावजी, पोटात दुखतंय, तर हे लगेच सुरू. नुसतं दुखतं म्हणू नका, कुठं दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर? वहिनी पुन्हा महिनाभर आमच्याकडे विरजण मागायला आल्या नाहीत.

ह्यांचा सगळा राग होता डॉक्टरांच्या अर्धवट लिहिण्यावर. त्यातही एका रोगानं ह्यांना फार छळलं होतं, त्याचं नाव अॅन्युरिझम. काळजातून एक मोठी नळी निघते, पाठीच्या कण्यापुढून सरळ खाली येते आणि बेंबीपाशी दोन पायांसाठी दुभंगते. तिला डॉक्टर अॅओर्टा म्हणतात. या नळीची भिंत एखाद्या जागी कमजोर झाली की तिथं ती फुगते. हे मला सायकलच्या ट्यूबवरून समजावत. टायर फाटलं की तिथून ट्यूबचा फुगा बाहेर येतो ना, तसं. तो फुगा म्हणजे अॅन्युरिझम. त्याचा नंबर चारशे एक्केचाळीस. इथपर्यंत सोपं होतं. खरी कटकट पुढच्या टिंबानंतरच्या आकड्याची. फुगा छातीत फुटला तर एक, छातीत आहे पण शाबूत आहे तर दोन. पोटात फुटला तर तीन, पोटात शाबूत असेल तर चार. नळीच्या भिंतीचे पदरच सुटले असतील तर शून्य. फुटलाय पण कुठं ते लिहिलं नाही तर पाच, आणि डॉक्टरनं काहीच सांगितलं नाही तर सहा.

या सहाचा ह्यांना फार राग. सहा लिहायचं म्हणजे मला काही माहीत नाही असं कबूल करायचं. म्हणून हे कागद घेऊन डॉक्टरांच्या मागे फिरत. साहेब, छातीतला की पोटातला? साहेब, फुटला होता की शाबूत होता? एकदा एक डॉक्टर ह्यांना बघून जिन्यावरून परत वर गेले म्हणे. हे खालीच उभे राहिले, डॉक्टरांना कधीतरी खाली यावंच लागणार होतं.

आत्याबाई हे सगळं मिश्री लावत ऐकायच्या. एकदा त्यांनी ह्यांना विचारलं की तुझ्या पुस्तकात बेंबी सरकल्याचा नंबर काय. ह्यांनी पुस्तक पुढून चाळलं, मागून चाळलं. बेंबी कुठं सापडली तर नवजात बाळाच्या नाळेत, नाहीतर हर्नियात. सरकलेली बेंबी कुठंच नव्हती. आत्याबाईंना फार लागलं. एवढं जाड पुस्तक, त्यात गोचीड चावल्याचा नंबर आहे, आणि अर्ध्या चिंचवडची बेंबी मी बसवली तिला नंबर नाही. "कोण अडाणी बसले हुते लिवायला," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. दोन दिवस ह्यांच्याशी बोलल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात आत्याबाईंची पाठ दुखायला लागली. पोटात डाव्या अंगाला काहीतरी उडतंय असं म्हणायच्या. त्यांनी स्वतःच निदान केलं की बेंबी सरकली. पण स्वतःची बेंबी स्वतःला बसवता येत नाही. म्हणून एका पहाटे त्यांनी मला उठवलं, स्वतः उताण्या झोपल्या आणि म्हणाल्या, लाव हात.

सासूच्या पोटाला हात लावायचा. माझी काय अवस्था झाली ते लिहून कळणार नाही. मी डोळे मिटले आणि बोटं टेकवली. पायाचे अंगठे जुळवून बघितले तर ते सारखे होते. म्हणजे मापानं बेंबी जागेवर. पण नाडी काही वेगळीच होती. बाकीच्यांची नाडी मी थोडीफार बघितली होती. ती बोटांना खालून टिचकी मारते. ही मात्र टिचकी मारत नव्हती. मी दोन्ही बाजूंना हात ठेवले तर ती माझे दोन्ही हात एकमेकांपासून लांब ढकलत होती, मांजर पोत्यात घातल्यासारखी. मी हात काढून घेतला.

आत्याबाई म्हणाल्या, दाब. मी दाबल्यासारखं केलं. त्या म्हणाल्या, "वारा घालतीस का? तांब्या आण."

मी चकती केली, वात पेटवली, तांब्या पालथा घातला. माझ्या भित्रेपणामुळे तो नीट चिकटला नाही, पोटावर नुसता उभा राहिला. आणि डोलायला लागला. हो म्हणतात तशी मान हलवत राहिला. आत्याबाईंनी मान वर करून बघितलं. मी पण बघत राहिले. धाकटा उठला आणि आजीच्या पोटात कोण आहे म्हणून विचारायला लागला.

तेवढ्यात हे मोरीतून तोंड धुऊन आले. त्यांनी तांब्या बघितला आणि टॉवेल खांद्यावरच राहिला. हे विचारायला लागले, कुठं दुखतं, कधीपासून, पाठीत जातं का. आत्याबाईंनी सांगितलं की तू गप तुझ्या हापिसाला जा, तुझ्या पुस्तकात बेंबी न्हाई. मी ह्यांना डबा देताना दाराशी हळूच सांगितलं, ती नाडी वर उडत नाही, बाजूंना फुगते. हे माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं. ह्यांना पहिल्यांदाच ऐकू गेलं होतं.

त्या दिवशी ह्यांनी दवाखान्यात एका डॉक्टरांना गाठलं. आपल्या आईचं आहे असं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून नेहमीसारखंच विचारलं, साहेब, पोटात धडधडणारा गोळा असेल, बाजूंना फुगत असेल, तर नंबर कुठला लावू? डॉक्टरांनी चष्मा काढला आणि विचारलं, कागद कुठाय? हे म्हणाले, कागद नाही. पेशंट कुठाय? हे म्हणाले, घरी. घरी कुणाच्या? तेव्हा ह्यांना सांगावं लागलं. डॉक्टर म्हणाले, नंबर राहू द्या, उद्या म्हातारीला घेऊन या, आणि तोवर तिच्या पोटाला कुणी हात लावायचा नाही.

आत्याबाई दवाखान्यात आल्या त्या डॉक्टरला शिकवायला आल्यासारख्या. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला तर म्हणाल्या, तसं न्हाई लेकरा, पाची बोटं जुळव. डॉक्टर चांगला होता, त्यानं बोटं जुळवली, मग हळूच दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना ठेवले. विडी ओढता का म्हणून विचारलं. आत्याबाई नाही म्हणाल्या. मी फरशीकडे बघितलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं. मग एक्सरे काढला. त्यात कण्याच्या पुढं चुन्याची एक बारीक वाकडी रेघ दिसत होती, अंड्याच्या कवचासारखी. तीच फुग्याची भिंत. डॉक्टर म्हणाले, फुगा मोठा आहे, अजून फुटलेला नाही. फुटला तर घरापासून दवाखान्यापर्यंत यायलाही वेळ मिळणार नाही. मुंबईहून एक सर्जन अधूनमधून येतात, ते पोट उघडून तिथं कापडाची नळी शिवतात. त्यातही धोका आहे. पण असंच ठेवण्यात जास्त आहे. आणि दाबणं, चोळणं, तांब्या, हे सगळं बंद.

घरी येताना लोकलमध्ये आत्याबाई खिडकीपाशी बसल्या. हे त्यांना समजावत होते की ही नळी बेंबीपाशीच दुभंगते, तू आजवर लोकांच्या पोटावर बोटं ठेवून जी नाडी बघत आलीस ती हीच. हे ऐकून त्या दचकल्या. बघता बघता आकुर्डीही मागे गेली. आम्हाला चिंचवडला उतरायचं होतं ते आम्ही विसरलो होतो, पुढच्या स्टेशनवर उतरून परत आलो. परतीच्या गाडीसाठी फलाटावर बाकड्यावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "म्हंजी मी जिंदगीभर त्याच नळीला हात लावत हुते. आन् मला कुनी सांगितलं न्हाई."

मला वाटलं आता ऑपरेशनला तयार होतील. पण घरी आल्यावर त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. त्यांना मरणाची भीती नव्हती. त्यांना भीती होती चाळीची. बेंबीवालीची बेंबी डाक्टरानं बसवली, हे एकदा बाहेर पडलं की उद्या दारात कोण येणार? सगळ्या आयुष्यात त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसऱ्या कशासाठी कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. हे मला कळत होतं. पण कळून काय करणार.

त्यांनी माहेरी निरोप धाडला. त्यांचं माहेर चाकणच्या पलीकडे. तिथं एक म्हातारा पैलवान होता, त्यांचा लांबचा भाऊ. तोही बेंबी बसवायचा, पण त्याची रीत वेगळी. तो टाच लावायचा. माणसाला झोपवून बेंबीवर टाच ठेवायची आणि अंगाचा भार टाकून एकदा गरकन फिरवायची. त्याच्याकडे एकदा गेलेला माणूस पुन्हा कधी बेंबीची तक्रार करत नसे. आत्याबाई एरवी त्याला रानटी म्हणायच्या. आता म्हणाल्या, माझ्या हातानं होईना तर टाचंनं हुईल.

पैलवान संध्याकाळी आला. सोबत अर्धं पोतं कांदे. ह्यांची त्या दिवशी रेकॉर्डची वर्षअखेरची मोजणी होती, हे दवाखान्यातच राहणार होते. उद्या संध्याकाळी येणार. पैलवान सकाळी टाच लावणार आणि दुपारच्या एसटीनं जाणार. मी त्याच्या पायाकडे बघितलं. टाच माझ्या पोळपाटाएवढी होती, भेगांनी भरलेली. मला सांगायचं होतं, मामा, असं करू नका. तीनदा त्याला भाकरी वाढायला गेले आणि तीनदा तोंडातून फक्त "वाढू का" निघालं. त्यानं तिन्ही वेळा हो म्हटलं.

सकाळी उठले तेव्हा काय करावं हे मला ठाऊक नव्हतं. आत्याबाईंची आंघोळ झाली होती. त्या घोंगडीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि पैलवान बाहेर ओट्यावर टाच दगडानं घासत होता. मी पिठलं केलं. ह्यांचा डबा नव्हता तरी केलं. आणि रोजच्यासारखी पळी घेऊन आत्याबाईंपुढे उभी राहिले. काही बोलले नाही, रोजही बोलत नसे. त्यांनी रोजच्यासारखा तळवा पुढे केला, पिठलं घेतलं, चाटलं आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

मग त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

पैलवान दारातून बघत होता. तो म्हणाला, आक्का, पोटात अन्न गेलं की. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पळीकडे बघितलं. पैलवान म्हणाला, चाटन तर हाय, त्यानं काय हुतंय, झोप. पण देहूरोडच्या माणसाला परत पाठवणाऱ्या बाईला स्वतःसाठी नियम मोडता येईना. त्यांनी मला जे काही बोलायचं ते बोलून घेतलं, माझ्या माहेरापर्यंत गेल्या, आणि पैलवानाला सांगितलं, उद्या सकाळी. पैलवान खूश झाला. त्याला पिठलं आवडलं होतं.

संध्याकाळी हे आले. दारात पैलवानाचे जोडे बघितले. मी आत चुलीपाशी बोलावून सगळं सांगितलं. हे बाहेर गेले आणि आईसमोर मांडी घालून बसले. मला वाटलं भांडतील. हे भांडले नाहीत.

"आई, तू टाच लावून घे. मी आडवा येत नाही. एक फक्त लक्षात ठेव. काही झालं तर तुला आमच्याच दवाखान्यात आणतील, आणि तुझे कागद माझ्याच टेबलावर येतील. आज तुझा आकडा चार आहे. उद्या मला तिथं तीन लिहायला लागेल."

आत्याबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाला लिवाय सांग की."

"दुसरं कुणी नाही. रेकॉर्डला मी एकटाच आहे."

"मंग त्या दिशी रजा घे."

"तू काय आधी सांगून जाणार आहेस?"

पैलवानाला यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, तीन काय न् चार काय, मी एका फेऱ्यात बशिवतो. आत्याबाईंनी त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. त्या ह्यांच्या हाताकडे बघत होत्या. ह्यांच्या उजव्या अंगठ्याला कायम शाईचा डाग असायचा. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, "त्यो नंबर विलायतेतबी त्योच का?"

हे म्हणाले, तोच.

"म्हंजी तिकडच्या बायांचीबी अशी फुगती."

"फुगते."

"आन् त्या कापून घेत्यात."

"घेतात."

आत्याबाईंनी पैलवानाला सांगितलं, गड्या, सकाळी भाकर खाऊन जा, कांदं मात्र ठेव.

ऑपरेशनच्या आधी मुंबईचे सर्जन येऊन बसले आणि त्यांनी सगळं समजावलं. आत्याबाईंनी बाकी कशाबद्दल विचारलं नाही. फक्त विचारलं, कापड कुठलं? सर्जननी सांगितलं, मिलमध्ये शर्टाचं टेरिलीन असतं ना, त्याच्याच धाग्याचं. आत्याबाई उठून बसल्या. टेरिलीनशी त्यांचं जुनं वैर होतं. ह्यांचा पहिला टेरिलीनचा शर्ट स्टोव्हच्या एका ठिणगीनं वितळला होता, तेव्हापासून त्यांनी घरात टेरिलीनला बंदी केली होती. त्यांचं म्हणणं होतं की पोटात कायमची ऊब असते, आत वितळलं तर? सुती नाही का मिळत? सर्जननी हसू दाबलं आणि सांगितलं की सुती कुजतं, हे कुजत नाही, आटत नाही. आत्याबाईंनी विचार केला. मग रंग विचारला. पांढरा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बरं, पांढरं तर पांढरं, निदान मळलेलं कुनाला दिसायचं न्हाई.

ऑपरेशनच्या दिवशी मी व्हरांड्यात बसले होते. हे खाली रेकॉर्डरूममध्ये होते. ह्यांना म्हणे वर बसवेना. मधेच एकदा वर आले, माझ्याजवळ उभे राहिले, परत खाली गेले. पुन्हा आले तेव्हा ह्यांच्या हातात कुणा दुसऱ्याच पेशंटचे कागद होते आणि ते उलटे धरले होते. मी ते सुलटे केले. सर्जन बाहेर आले तेव्हा हे जिन्यात होते. सर्जन घामानं भिजले होते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की झालं. ह्यांनी विचारलं, "साहेब, शाबूत होता ना?" सर्जन म्हणाले, हो हो, शाबूत. आणि आधी आईला भेटा म्हणाले.

आत्याबाईंना घरी आणल्यावर काही दिवसांनी त्यांचे कागद ह्यांच्या टेबलावर आले. कागदावर सर्जननी सगळं व्यवस्थित लिहिलं होतं, पोटातला, न फुटलेला. तरी हे पुन्हा वर जाऊन विचारून आले. सर्जन म्हणाले म्हणे, अहो, तुमची आई घरी जेवतेय ना? त्या संध्याकाळी हे घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी आत्याबाईंनी विचारलं, काय लिवलं? हे म्हणाले, चार. आत्याबाई म्हणाल्या, मंग ठीक, आणि कुशीवर वळल्या. हे दारातच उभे राहून डोळे पुसत होते. मी बघितलं नाही असं केलं.

चाळीत काय होईल याची आत्याबाईंना जी भीती होती ते काही झालं नाही. झालं ते वेगळंच. लोक बेंबी दाखवायला यायचे आणि आधी ऑपरेशनची खूण बघायला मागायचे. आत्याबाई गंभीर चेहरा करून सांगायच्या की माझ्या पोटात विलायती टेरिलीन हाय, मला चुलीपुढं बसायला डागदरनं बंदी केलीय. अशी बंदी कुठल्याही डॉक्टरनं केली नव्हती. मी ह्यांना विचारलं, हे म्हणाले की पुस्तकात असं काही नाही. पण आत्याबाई चुलीकडे फिरकल्या नाहीत त्या नाहीतच. दिवाळीचा फराळ मी एकटीनं केला. त्या लांबून चकली कशी पाडायची ते सांगत होत्या.

बेंबी मात्र आता मी बघायची. त्या शेजारी बसून सांगायच्या. त्यांनी एक नवीन नियम केला होता. आधी दोन्ही तळवे दोन्ही बाजूंना ठेवायचे. नाडी नुसती वर उडाली तर अंगठे ओढायचे. बाजूंना फुगली तर हात काढून घ्यायचा आणि डॉक्टरकडे पाठवायचं. माझ्या हाताला त्या आता वारा म्हणत नसत. म्हणायच्या, हिचा हात हलका हाय, तांब्यापेक्षा बरा.

एकदा दुपारी घरात कुणी नव्हतं. आत्याबाईंनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं आणि खाली झोपल्या. म्हणाल्या, तांब्या ठेव. मी नको म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. त्या म्हणाल्या, वात नको पेटवूस, नुसता ठेव. मी खूण चुकवून तांब्या अलगद पोटावर ठेवला. आम्ही दोघी बघत बसलो. तांब्या उभा होता, हलत नव्हता. त्यात खिडकीचं ताणलेलं प्रतिबिंब दिसत होतं.

"मेलं टेरिलीन," त्या म्हणाल्या. "डोलतबी न्हाई."

मी तांब्या उचलून पदरानं पुसला. त्या उठून बसल्या, लुगडं सारखं केलं आणि मिश्रीची डबी शोधायला लागल्या. डबी सापडली, बोट भरून घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिशी पिठल्यात मीठ बरुबर हुतं."

मी चहा ठेवायला उठले.